आई जिथे अडायची

माझा धाकटा भाऊ चर्चचा पाळक आहे आणि महामूर्ख आहे. एकाच माणसाने ही दोन्ही कामं करायला मंडळींची कधी हरकत नव्हती. हरकत निघाली ती आईच्या स्तोत्रावरून.

चर्चच्या मागे पाळकाला राहायला तीन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत भाऊ, त्याची पुस्तकं आणि भेटायला येणाऱ्यांसाठी चार खुर्च्या. मधल्या खोलीत आई. मागच्या खोलीत मी, माझं शिलाई मशीन आणि कबूल केलेल्या तारखेला न झालेले लोकांचे कपडे. आई हिंदू, मीही कागदोपत्री हिंदू. भाऊ विसाव्या वर्षी ख्रिस्ती झाला. आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "देव बदललास, आई तर तीच आहे ना? मग बस जेवायला." झालं, विषय संपला. माझं म्हणाल तर मशीनची सुई मोडली की मला देव आठवतो, एरवी आमचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

रोज सकाळी सहाला आई तिचं स्तोत्र म्हणायची. चाळीस श्लोक, लहानपणीच तोंडपाठ झालेले. त्याच वेळी पुढच्या खोलीत भावाची प्रार्थना, तीही मोठ्याने. मध्ये एक दार, तेही नीट न लागणारं. सतरा वर्षं मी दोघांच्या नावाने बोटं मोडत उशी कानावर घेतली.

मग आईला विसरण्याचा आजार जडला. आधी भांड्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग माझं. मला ती "अहो शिवणाऱ्या बाई" म्हणते. पोटची पोर मी, पण तिच्या लेखी मापं घ्यायला आलेली. स्तोत्र तेवढं राहिलं, फक्त म्हणता म्हणता मध्येच अडायची. अडली की घाबरायची, पदर पिळायची, "पुढे काय? पुढे काय?" करत राहायची. आणि पुढच्या खोलीतून, झग्याची बटणं लावता लावता, भाऊ पुढचा श्लोक सुरू करून द्यायचा. "हं," म्हणून आई पुढे चालू. चाळीस पुरे झाले की दिवसभर शांत बसायची. राहिले तर संध्याकाळपर्यंत घरातलं एकेक कपाट उघडून बघायची, काय शोधते ते तिलाही सांगता यायचं नाही.

एका सकाळी चर्चच्या चिटणीसबाई कसलीशी यादी घेऊन आल्या आणि दारातच थिजल्या. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात, डोळे मिटून, खड्या आवाजात श्लोक म्हणतायत! बाईंनी यादी खुर्चीवर ठेवली आणि आल्या पावली परत गेल्या. तेव्हाच मला कळलं, आता हे शेकणार.

आठवड्याने तिघं चौकशीला आले. चिटणीसबाई, कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आणि वरच्या कचेरीतले मोठे पाळक. मी चहा दिला आणि दाराशीच उभी राहिले. कुणी जा म्हटलं नाही, म्हटलं असतं तरी गेले नसते.

मुख्याध्यापक भला माणूस. ते म्हणाले, "पाळकसाहेब, साधा प्रश्न आहे. आजारी आईला मदत म्हणून तुम्ही हे म्हणता. बरोबर?"

किती सोपं होतं! नुसतं 'हो' म्हणायचं. मी मागून मान हलवून हलवून दुखवून घेतली.

"आईसाठी म्हणतो," भाऊ म्हणाला, "आणि माझ्यासाठीही. म्हणताना मी प्रार्थनेतच असतो, सर. प्रभूला मी विसाव्या वर्षी भेटलो. तेव्हा मला तो ओळखीचा वाटला, कारण लहानपणी आईच्या मांडीवर त्याचा आवाज ऐकला होता. मी दोन देव मानत नाही. पण या दोन्हींतलं एक खोटं आहे, असं माझ्याच्याने म्हणवणार नाही."

चिटणीसबाईंनी कप खाली ठेवला. मोठे पाळक म्हणाले, "घरात तुम्ही काय मानता हे कदाचित देव समजून घेईल. पण व्यासपीठावर उभं राहून मंडळींना एकच मार्ग सांगायचा आणि घरी दुसऱ्या मार्गाने जायचं, हे त्यांना कसं समजावू?" मला त्यांचा राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

आठ दिवसांची मुदत मिळाली. हे बंद करतो असं लेखी द्या, नाहीतर घर सोडा.

भाऊ मला घेऊन आईच्या जुन्या देवळात गेला. तिथले पुजारी आम्हाला लहानपणापासून ओळखणारे. भावाने विचारलं, "मी आहे तसा तुमच्यात बसेन का?"

पुजारी म्हणाले, "तुझे उच्चार माझ्या मुलापेक्षा चांगले आहेत. पण तिकडचं सोडून ये बाबा."

"सोडायचं नाही म्हणूनच विचारतोय."

"मग कशाला आलास?" त्यांनी प्रेमानेच विचारलं.

परत येताना तो म्हणाला, "ताई, दोन्हीकडून एकच उत्तर. निदान एका बाबतीत तरी त्यांचं एकमत झालं." मी हसले. तो हसला नाही.

आता माझं पाप सांगते. सही कर म्हणून मीच त्याच्या डोक्यावर बसले. डॉक्टर म्हणाले होते, आईची जागा हलवू नका. पलंगापासून मोरीपर्यंत ती भिंत धरून जाते, तेवढी एक वाट तिला उरली आहे, नव्या घरात ती चार महिनेही काढणार नाही. मी भावाला म्हटलं, "तुझा देव तुझ्यापाशी राहील रे, कागदाने कुठे जातोय? आईला रस्त्यावर आणू नकोस. श्लोकांचं मी बघते." मी बघते! एवढी अक्कल पाजळली आणि तो बिचारा ऐकत गेला.

कागदावर लिहिलं होतं की यापुढे अन्य धर्माची उपासना, पठण, प्रार्थना घरात वा बाहेर करणार नाही. चिटणीसबाईंना त्यात 'मनातल्या मनात' हेही घालायचं होतं. मुख्याध्यापकांनी ते खोडलं. भावाने सही केली.

मी पुस्तिका आणून चाळीसच्या चाळीस श्लोक घोकले. दुसऱ्या सकाळी आई अकराव्याला अडली. मी पुढचा म्हटला. आई माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही नाही हो, बाई," ती म्हणाली. "तो कुठे गेला?" मी पुन्हा म्हटला, हळू म्हटला, आवाज जाड करून म्हटला. ती रडायला लागली. मी भावाला म्हटलं, निदान मोबाइलमध्ये म्हणून ठेव. तो म्हणाला, "म्हणायचं नाही म्हणून सही केलीय, ताई." त्या दिवशी आईने सगळी कपाटं उपसली. दुसऱ्या दिवशीही उपसली. तीन आठवडे हेच चाललं. ती वाळत चालली आणि भाऊही.

रविवारी आम्ही आईला चर्चमध्ये नेतो, घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून. शेवटच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसते. त्या रविवारी भाऊ प्रभूची प्रार्थना सांगत होता, लहान पोरांनाही पाठ असते ती. क्षमेची ओळ आली आणि तो थांबला. मला वाटलं खोकला आला. पण त्याचं तोंड नुसतंच उघडं होतं. मंडळी खाली मान घालून वाट बघत होती. कुणीतरी डोळे उघडले, मग सगळ्यांनीच उघडले.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. स्पष्ट, न अडखळता. आईने क्षमेची ओळ म्हटली. सतरा वर्षं दाराच्या फटीतून ऐकलेली. म्हणून झाल्यावर तिने त्याच्याकडे बघून मान हलवली, 'हं, चल पुढे'.

भाऊ पुढे गेला. कसाबसा शेवटपर्यंत पोचला.

बाहेर चिटणीसबाईंचे डोळे भरून आले होते. "आजींच्या तोंडी प्रभूची प्रार्थना! केवढी कृपा!" असं म्हणत त्यांनी आईचे हात धरले. मी म्हटलं, "बाई, हिच्याकडून कागद नाही का लिहून घेणार? घरी गेली की ही दुसरंही म्हणते." त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी भाऊ माझ्या मशीनपाशी येऊन बसला. "ताई, मला वाटलं होतं एक बंद केलं तर दुसरं तरी उरेल," तो म्हणाला. "पण नाही उरलं गं. तोंडाने म्हणतो, आत काहीच नसतं." मी सुईत दोरा ओवत राहिले.

सोमवारी सकाळी सहाला आईने स्तोत्र सुरू केलं. नवव्याला अडली. मी पुढच्या खोलीत गेले. भाऊ झगा घालून उभा होता, हात शेवटच्या बटणावर, ओठ घट्ट मिटलेले.

"अरे, काल तिने दिली ना तुला ओळ? आता तू दे तिला."

"सही केलीय."

"मोड ती सही! खड्ड्यात गेली ती सही!"

"मोडली तर घर जाईल. तूच म्हणालीस, घर गेलं तर आई जाईल." तो ओरडला नाही, आणि तेच मला सोसवलं नाही. ते वाक्य माझंच होतं.

आतून आईने हाक मारली, "बाळा, पुढे काय?"

दार नीट लागत नाही, म्हणून भाऊ त्याला टेकून उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी टेकले. आई विचारत राहिली. पुढचा श्लोक आम्हा दोघांनाही येत होता.