अंजिरातली शिवण

"हे पाखराचं काम नव्हे," थोरला म्हणाला. "ही माणसाची शिवण आहे!"

गवंडी कुऱ्हाड खाली ठेवून वाकला. परसात मधोमध भिंतीची खूण म्हणून दोरी ताणलेली. अलीकडे थोरल्याचे वाफे, पलीकडे धाकट्या भावाच्या कोंबड्या, आणि दोरीच्या वाटेत नेमकं अंजिराचं झाड. त्याची दोन पानं कडेला कड लावून शिवलेली. निळ्या दोऱ्यानं. आत कापूस, कापसावर शेंगदाण्याएवढी तीन अंडी.

धाकटा कपडे शिवायचा. त्याच्या मशीनवर निळं रीळ होतं. आणखी काय पुरावा हवा?

"दादा, मी कशाला पानं शिवीन?"

"भिंतीचं काम लांबणीवर टाकायला! भिंत झाली तर तुझ्या कोंबड्या कुणाची रोपं उकरणार?"

"आणि अंडी? तीही मीच घातली?"

गवंडी हसला. थोरला नाही. त्याची मिरचीची अख्खी ओळ मातीतून वर आली होती.

"पिल्लं उडेपर्यंत थांबतो. पण तू सुई घेऊन आलास, की हात धरलाच म्हणून समज."

दुसरा दिवस. थोरला मोरीतलं स्टूल परसात घेऊन बसला. मादी अंड्यांवर. तीही त्याच्याकडे संशयानंच बघत होती.

तिसरा दिवस. तेच.

पाचवा. "अहो, वाफ्याला पाणी कोण देणार?" बायको म्हणाली. "पाखरू पळून जाणार नाही."

"पाखराची चिंता नाही मला."

त्याला चिंता सगळ्याचीच होती. महिन्यापूर्वी धाकट्यानं शिवून दिलेल्या शर्टाचा खिसा उसवत चालला होता. मुद्दाम कच्ची शिवण घातली असणार. नाहीतर सख्ख्या भावाचाच खिसा बरा उसवतो!

नववा दिवस: वारा. असा, की घमेलं उडालं आणि कोंबड्या घराच्या भिंतीला चिकटल्या. वारा पडला तेव्हा घरट्याचं एक पान सुटून लोंबत होतं. आत उघडी, गुलाबी पिल्लं. कालच अंड्यांतून बाहेर आलेली.

आता येणार, थोरल्यानं ओळखलं. तो पाणी तापवायच्या बंबाआड दबा धरून बसला. पलीकडे मशीन थांबलं. दार वाजलं. धाकटा आला, कोंबड्यांना दाणे टाकले, आत गेला. मशीन पुन्हा सुरू.

मग मादी आली. झाडावर नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर. थोरल्याच्या शर्टावर बसली, खिशात चोच खुपसली आणि टाका ओढायला लागली. पाय रोवून, मान मागे टाकून. निळा दोरा सुटला. ती तो घेऊन पानाकडे गेली.

थोरला बंबाआडून उठला नाही.

(दहावा ते बाविसावा: स्टूल. वाफ्याला पाणी बायकोनं दिलं.)

तेविसाव्या दिवशी सकाळी एक उडालं आणि थेट वाफ्यात पडलं. थोरल्यानं काठी उचलली, कोंबड्यांवर. "हुश्श! अरे, तुझ्या ह्या सटव्या आत घे!" धाकटा धावत आला. दोघांनी मिळून कोंबड्या कोंडल्या. पिल्लू धडपडत फांदीवर गेलं. दुसरं उडालं. तिसरंही. दोरीशी धाकटा, दारात बायको, स्टुलाजवळ थोरला: तिघांनी बघितलं.

दुपारी गवंडी कुऱ्हाड घेऊन हजर.

"उडाली का, मालक?"

"दोन उडाली," थोरला म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. धाकट्यानंही.

गवंडी पानाजवळ वाकला. "रिकामंच दिसतंय की."

"लपलंय. मला त्या पाखराचा भरवसा नाही. हात लावू नकोस."

"मग कधी येऊ?"

"ते तिसऱ्याला ठाऊक."

गवंडी पुटपुटत दोरी गुंडाळायला लागला. धाकटा झाडाशी घुटमळला.

"दादा, तो शर्ट दे. खिसा पक्का करून देतो."

थोरल्यानं अजून वाळतच असलेल्या शर्टाकडे बघितलं. खिसा आता एकाच टाक्यावर लटकत होता.

"राहू दे," तो म्हणाला. "वाळू दे तिथंच."