जांभळ्याचा शेजारी

सिद्धार्थने बाही खांद्यापर्यंत सरकवली, हात टाकीत घातला आणि पिचकारीचं टोक हिरव्या प्रवाळाजवळ नेलं. प्रवाळावर तांबूस, चपटे किडे इतके दाटले होते की विटेची भुकटी पेरल्यासारखी दिसत होती. त्याने ते ओढून घेतले आणि बादलीत सोडले. काल काढले होते तेवढेच आज परत आले होते.

मोबाइल वाजला. ओल्या हातानेच त्याने तो उचलला. कोळत्तूरला शोभेचे मासे विकणाऱ्या नवीनचा फोन होता.

"सर, पेट्या आल्या. तुम्हाला हवा तो सिक्सलाइन आहे, पण एकच. लवकर या."

"निघालोच! कुणाला देऊ नका, नवीन. कुणालाही नाही!"

वेताच्या खुर्चीत सकवारबाई मुरुंगाईचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोण येऊलालाय?"

"मासा, काकू! किडे खाणारा. रॅस जातीचा. सहा निळ्या रेघांचा. दोन महिने वाट बघतोय मी त्याची."

सकवारबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "कोंजम थांब. मीही येते."

"तुम्ही? कोळत्तूरला?"

"माझ्या घरात कोण राहायला येणार, तें मज बघायला नको?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिरुवल्लिकेणीच्या त्या घरात सिद्धार्थ भाड्याने राहायचा वरच्या मजल्यावर, पण त्याची चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी होती खाली, सकवारबाईंच्या दिवाणखान्यात. वरच्या जमिनीला तेवढा भार पेलणार नाही, असं गवंडी म्हणाला होता. सकवारबाई तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सुनामीच्या पुढच्या वर्षी टाकी बसली, तेव्हा गल्लीतल्या बायका त्यांना म्हणाल्या होत्या, समुद्र बाहेर होता तेवढा पुरला नाही का तुम्हाला? त्यावर त्या नुसत्या हसल्या होत्या आणि खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली होती.

सिद्धार्थ नागपूरचा. नोकरीसाठी शोळिंगनल्लूरला येईपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. आता त्याची कंपनी त्याला दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवत होती. पुढच्या महिन्यात निघायचं होतं आणि ते त्याने सकवारबाईंना अजून सांगितलं नव्हतं. अड्यारचे एक डॉक्टर रविवारी टाकी बघायला येणार होते, पसंत पडली तर विकत घेणार होते. किडे लागलेले प्रवाळ कोण विकत घेतो? सिक्सलाइन मात्र दोन-चार दिवसांत फडशा पाडतो, असं इंटरनेटवर त्याने पन्नास ठिकाणी वाचलं होतं.

दुकानात पंपांचा एकच घरघराट होता. नवीनने एका काचेवरचा दिवा लावला आणि सिद्धार्थच्या तोंडून नकळत शीळ निघाली. वांग्याच्या रंगाचं अंग, त्यावर ओढलेल्या निळ्या रेघा, लालसर डोळा. बोटाएवढा मासा, पण काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घातल्यासारखा फिरत होता.

"काय देखणा आहे! काकू, बघा तरी!"

सकवारबाई वाकून बघत होत्या. त्याच टाकीत एक करडा, बारका मासा होता. सिक्सलाइन त्याच्या अंगावर धावून गेला. करडा कोपऱ्यात चिकटला. तिथून हलला तसा पुन्हा धावून गेला.

"हा भांडतो काय?" त्यांनी नवीनला तमिळमध्ये विचारलं.

"पहिले काही दिवस गरीब असतो अम्मा. मग टाकी आपल्याच बापाची समजतो. भित्रे मासे असतील तर त्यांना जगू देत नाही."

"आपल्याकडे भित्रं आहेच कोण?" सिद्धार्थ म्हणाला. "दोन क्लाउन आहेत, ते कुणाला ऐकत नाहीत."

"अन् जांभळा?"

"कुठला जांभळा?"

"तो रे. शेपटीकडं जांभळा, पाठीवर काटा उभा करतो तो."

सिद्धार्थ हसला. "फायरफिश? काकू, तो पोंगलच्या आधीच मेला."

"मेला कसा? काल दुपारी बघितला मी."

सिद्धार्थचा हात काचेवरच राहिला. "काल? आपल्या टाकीत?"

"मागच्या खडकात भोक आहे, तिथं राहतो. दुपारी रस्ता निजला की बाहेर येतो. तूं कचेरीत असतोस."

"मला सांगितलं का नाही?"

"तुझा मासा. तुज ठाऊक असेल असं वाटलं."

सिद्धार्थ एकदम मोठ्याने हसला. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. ज्या माशासाठी त्याने अख्खा एक दिवस दगड हलवून शोध घेतला होता, तो दिवाणखान्यात मजेत राहत होता! "जिवंत आहे," तो नवीनला म्हणाला, "ऐकलंत? जिवंत आहे तो!"

"मग सिक्सलाइन नको सर," नवीन म्हणाला आणि त्याने पलीकडच्या टाकीकडे बोट केलं. तिथे लिंबासारखा पिवळा, लांबट मासा वाळूवर तोंड खुपसत संथ फिरत होता. "कोरिस. हाही रॅसच, पण शांत. कुणाच्या वाटेला जात नाही. किडे खातो, फक्त त्याच्या चालीने. महिना लागेल, दोन लागतील."

सिद्धार्थने सिक्सलाइनकडे पाहिलं, मग पिवळ्याकडे. पुन्हा सिक्सलाइनकडे.

"पिवळा द्या," तो म्हणाला.

"पण सर, रविवारी डॉक्टर टाकी घ्यायला येणार ना? तोवर किडे काही—"

"पिवळाच द्या, नवीन."

डॉक्टरांचं ते नवीन तमिळमध्येच बोलला होता, सकवारबाईंना कळेल असं. सकवारबाई काचेजवळ वाकलेल्या होत्या, तशाच राहिल्या. परतताना रिक्षात पाण्याची पिशवी त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला दटावलं.

घरी पिशवी बराच वेळ टाकीत तरंगत ठेवली. मग सिद्धार्थने हलक्या हाताने मासा सोडला. पिवळी रेघ चमकली, थेट तळाशी गेली आणि वाळूत दिसेनाशी झाली.

"अय्यो! गेला कुठं?"

"वाळूत शिरला. घाबरला की तिथेच निजतो. येईल वर."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. ऑफिसातून सिद्धार्थ जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा आणि सकवारबाई तिकडून म्हणायच्या, "इल्ले. अजून नाही." शनिवारी तो घरीच होता. दुपारी दोघं खुर्च्या ओढून टाकीसमोर बसली. रस्त्यावरची भांडीवाल्याची हाक लांब गेली, शेजारचा रेडिओ बंद झाला.

सकवारबाईंनी त्याच्या मनगटाला हात लावला.

मागच्या खडकाच्या भोकातून आधी एक काटा वर आला, मग दोन काळे डोळे. जांभळा बाहेर येऊन पाण्यात उभा राहिला, हवेत पतंग स्थिर व्हावा तसा. सिद्धार्थने श्वास रोखला. किती मोठा झाला होता! शेपटीवर केशरी कडा आली होती.

तेवढ्यात खाली वाळू हलली. आधी तोंड, मग सगळा पिवळ्या अंगाचा झोत. कोरिस वर आला आणि जांभळ्याच्या अगदी जवळून गेला. जांभळ्याने काटा दोनदा उभा केला, पाडला. पळाला नाही. कोरिस हिरव्या प्रवाळापाशी थांबला, एक डोळा वाकडा करून त्याने नीट पाहिलं आणि टिपलं.

"खाल्ला! काकू, किडा खाल्ला त्याने!"

"बघितलं रे, बघितलं! पुन्हा खाल्ला, बघ!"

दोघं लहान मुलांसारखी पुढे झुकली होती. अजून एक. अजून एक.

मग सिद्धार्थ उठला आणि दाराबाहेर ओट्यावर जाऊन त्याने फोन लावला. आत ऐकू येत होतं. "सॉरी डॉक्टर... नाही, उद्या येऊ नका. टाकी द्यायची नाही." तो परत आला तेव्हा सकवारबाई टाकीकडेच बघत होत्या.

"काकू, मला तुम्हाला एक सांगायचं होतं."

"किती वर्षं जाणार?"

"दोन."

"सरी. बरं."

त्या उठल्या. हातातल्या बांगड्या काढून त्यांनी खिडकीत ठेवल्या आणि पदर कमरेला खोचला. "पाणी बदलताना आधी काय करतोस, तें दाखव. सावकाश दाखव."

सिद्धार्थने नळी आणली, एक टोक त्यांच्या हातात दिलं. "हे वाळूच्या जरा वर धरायचं. हळू हं, काकू. जांभळा घाबरेल."

"मज घाबरत नाही तो," सकवारबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.