न बोललेलं ऐकणारा उमेदवार

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या ‘चाफा’ मराठी मंडळाचं अध्यक्षपद मिळालं तर उदय पाटणकरला काय मिळणार होतं? पहिल्या रांगेतली मधली खुर्ची, भारतातून येणाऱ्या प्रत्येक कलाकाराशेजारी फोटो आणि दोन वर्षं हातात माइक. पुरुषोत्तम साठ्यांना मात्र त्याच्याकडून याहून मोठा लाभ दिसत होता. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन टळणार होतं.

झालं असं, की शाळेच्या हॉलमध्ये उदयची प्रचारसभा होती. दिवाळीपर्यंत सुटाबुटात वावरणारा हा गृहस्थ निवडणूक लागताच खादीच्या कुर्त्यात शिरला होता. आवाजही दोन पट्ट्या खाली आला होता.

“मला भाषण येत नाही,” हे त्याने वीस मिनिटं सांगितलं. “मी फक्त ऐकतो. तुम्ही न बोललेलंसुद्धा.”

मग एकेका खुर्चीपाशी थांबून तो डोळे मिटू लागला.

“अनुयाताई, मुलाच्या ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची काळजी ना? मिळेल अ‍ॅडमिशन.”

“ओ माय गॉड! मी कुणाला बोललेपण नव्हते!” अनुयाने डोळे पुसले.

“पुरुषोत्तमकाका... उजवा गुडघा. सुरी लागणार नाही.”

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुरुषोत्तमरावांनी उभा जन्म पूल तपासण्यात घालवलेला. एकेक बोल्ट ठोकून बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यांनी हात जोडले. सोमवारी सकाळी फोन करून, चौदा महिने वाट बघून मिळालेली सरकारी हॉस्पिटलातली ऑपरेशनची तारीख त्यांनी सोडून दिली.

संध्याकाळी त्यांच्या पत्नीला, सुचेताबाईंना, हे कळलं. त्यांची अर्धी हयात औषधांच्या दुकानात, कुठलीही चाचणी न झालेल्या औषधांच्या जाहिराती ऐकण्यात गेलेली.

“अहो, त्याला तुमचा गुडघा कसा कळला?”

“अंतर्ज्ञान असतं काहींना.”

“माघी गणपतीच्या अभिषेकाच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘इच्छा’मध्ये काय लिहिलंत?”

“ते मी गणपतीला लिहिलं होतं!”

“आणि फॉर्म उघडतं कोण? गणपती?”

 फॉर्म पुरुषोत्तमरावांनीच बनवला होता. ‘इच्छा’ हा रकाना सक्तीचा त्यांनीच केला होता. पूजा समितीचा प्रमुख म्हणून उदयला त्याचा अ‍ॅक्सेसही त्यांनीच दिला होता. तरीसुद्धा ते म्हणाले, “योगायोगही असेल गं.”

“मग टेस्ट करू,” म्हणत सुचेताबाईंनी स्वतःच्या नावाने फॉर्म भरला.

पुढच्या रविवारच्या सभेत उदय त्यांच्यापुढे थांबला. डोळे मिटले, मान हलवली.

“सुचेताकाकू, घरात एक मुकं जनावर आजारी आहे. शेरू... शेरू बरा होणार.”

“आमच्याकडे कुत्रा नाही,” बाई म्हणाल्या. “मांजरही नाही. ह्यांना केसांची अ‍ॅलर्जी आहे.”

“मागच्या जन्मीचा असू शकेल, काकू.”

“मागच्या सोमवारचा आहे. अभिषेकाच्या फॉर्मवर मीच त्याला आजारी पाडलं. ज्यांच्या मनातलं ह्याने ओळखलं, त्यांनी आपापले फॉर्म आठवून बघा.”

सगळ्यांनी फोन काढले. अनुयाने तर स्वतःची इच्छा मोठ्याने वाचून दाखवली, स्पेलिंगच्या चुकांसकट.

“लोकांच्या अडचणी वाचून येणं गुन्हा आहे का?” उदयचा आवाज जुन्या पट्टीत गेला.

“वाचणं गुन्हा नाही, बाळा. वाचून झाल्यावर डोळे मिटणं ही लबाडी.”

त्या रात्री पुरुषोत्तमरावांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं : ‘कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे मी आधी कुठे लिहिलंय, कुणाला सांगितलंय? उमेदवाराला हे विचारा, एखाद्या बाबा-बुवाला विचारा. मी विचारलं नाही. आणि फॉर्म माझाच होता.’

उदयने प्रकृतीचं कारण देऊन उमेदवारी मागे घेतली. प्रकृती ठणठणीत आहे. अनुयाच्या मुलाने अभ्यास सुरू केला. तारीख परत मागितल्यावर हॉस्पिटलातल्या मुलीने पुरुषोत्तमरावांना गोड आवाजात सांगितलं, “यू विल हॅव टू स्टार्ट अगेन.” पुन्हा चौदा महिने. त्या विश्वासाची किंमत जिन्यावर पायरीपायरीने ते मोजताहेत, आणि त्यांना खांद्याचा आधार देत सुचेताबाईही मोजताहेत. उदयवर बाईंनी तर क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता.