हुंगलेलं सरबत

माणिकपूरच्या ऑफिसात मी अमेरिकन पेशंटच्या फायलींना विम्याच्या बिलांसाठी आजारांचे कोड लावते. माणसाने बारा वर्षं दारूला हात लावला नसला, तरी ‘आता व्यसनमुक्त’ असं डॉक्टरने स्वतः लिहिल्याशिवाय मला तो कोड लावता येत नाही. फायलीत तो दारुडाच राहतो. या नियमावर मी रोज चरफडते.

रविवारी आचोळ्यात चुलतभावाची हळद होती. काकांनी माझ्या बाबांच्या हातातला कोकम सरबताचा ग्लास घेतला आणि सगळ्यांदेखत हुंगला. मी भडकले, “नऊ वर्षं झाली त्यांना दारू सोडून! लाज नाही वाटत, काका?”

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, “त्याच्यावर कशाला चिडलीस, स्वप्ना? त्याने आज एकदा हुंगलं. तू रोज संध्याकाळी दार उघडलंस की आधी माझं तोंड हुंगतेस.”