अयोध्याची हळद

"माझ्या इथं तर तो व्हिडिओ उदगीरला हाय म्हणून दाखवतंय, सोमेशभाऊ!"

"दाखवंल की, ताई. पर ती डिस्क चार महिन्यांखालीच बंद पडली. भंगारात दिली मी."

"मला सांगायचं न्हाई का?"

"तुमच्या प्रोग्रामला कळत असंल असं वाटलं."

मंजुश्रीने उदगीरच्या स्टुडिओवाल्या सोमेशचा फोन ठेवला. समोर मुरुडहून लातूरला आलेल्या चांगुणाबाई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या.

लातूर, मुरुड आणि उदगीरच्या तीन फोटो स्टुडिओंसाठी मंजुश्रीने दोन वर्षे एकटीने खपून तो प्रोग्राम लिहिला होता. कुठल्या लग्नाचा व्हिडिओ कुठल्या गावच्या डिस्कवर आहे, हे तो सांगे. दुसरीकडे प्रत असल्याशिवाय काही पुसू देत नसे. मागच्या महिन्यात मुरुडच्या स्टुडिओत जागा संपली. तिथल्या व्यंकटने जुन्या फाइली काढायला घेतल्या. प्रोग्रामने नोंद पाहून 'उदगीरला प्रत आहे' असे सांगितले. व्यंकटने पुसले. त्या जागेवर आता दोन नवी लग्ने बसली होती.

उदगीरच्या डिस्कला प्रत्यक्ष विचारून घ्यावे, हे मंजुश्रीने लिहिलेच नव्हते. नेट सारखे जाते, विचारत बसले तर काम अडते, म्हणून तिने जुन्या नोंदीवर भागवले होते.

"घावलं का, पोरी?" चांगुणाबाईंनी विचारले.

त्यांची लेक अयोध्या श्रावणात डेंग्यूने गेली. चार वर्षांपूर्वीच्या तिच्या हळदीचा व्हिडिओ त्यांना हवा होता. त्याचा पेनड्राइव्ह अयोध्याच्या सासरी होता. तिथे आता दुसरी सून येणार होती, मागायला कुठल्या तोंडाने जायचे.

"मावशी, फोटो हायेत. चारशे फोटो हायेत तिचे."

"फोटो घरी हायेत की. फोटोत ती बोलत न्हाई."

मंजुश्रीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे तिचं नाव. ही तारीख. एकेचाळीस मिनटं. पर आत काहीच ऱ्हायलं न्हाई. माझी चूक हाय, मावशी."

"पुण्याला कुणी मोठं माणूस असंल. त्यास्नी इचारलं तर?"

"त्यास्नी बी न्हाई जमायचं. त्या जागेवर दुसरी लग्नं बसली."

चांगुणाबाई बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते.

"नाव कसं ऱ्हायलं मग?"

प्रोग्राम कसा चालतो हे मंजुश्री कुणालाही पाच मिनिटांत समजावून सांगे. आज तिने नुसते पाणी पुढे केले. चांगुणाबाई ते घोटभर प्यायल्या आणि मुरुडच्या गाडीची वेळ विचारून उठल्या.

त्याच दुपारी तिने चूक दुरुस्त केली. चार ओळींचे काम होते. आता पुसण्याआधी प्रोग्राम प्रत्येक डिस्कला विचारतो.

रोज सकाळी सगळ्या गावांची तपासणी झाली की तो सांगतो : एक फाईल कुठेही सापडत नाही, नोंद काढून टाकायची का? खाली 'हो' आणि 'नाही'.

मंजुश्री 'नाही' दाबते आणि कामाला लागते.