संपतचा आवाज आणि मोनालीची गोळी

खुटबावला तुळजाबाईंच्या अंगणात त्या दिवशी दोनशे माणसं तरी असतील. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. पडवीत चौरंग, त्यावर भगवं कापड आणि कापडावर हार घातलेला जुनाट कॉम्प्युटर. पडदा हिरवट, रिकामा. कोपऱ्यात एक रेघ तेवढी लुकलुकत होती. शेजारच्या इन्व्हर्टरलासुद्धा कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

तेवढ्यात यंत्राच्या पोटातून खरखर आली आणि एकेका शब्दावर थांबत, नाकातून बोलल्यासारखा आवाज म्हणाला, “आये, सकाळचे दहा वाजले.”

बायांनी पदर पसरले. माझ्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच होत आले होते.

“बघा,” यंत्रनाथ महाराज म्हणाले, “आपल्याकडं सांज झाली आन् संपतरावांकडं सकाळचे दहा. हितला दिवस येगळा, तिथला येगळा. पडद्यावर काय हाय? काय न्हाई. प्रोग्राम चालू हाय का? न्हाई. मंग बोलतंय कोण? अमेरिकेचे सायंटिस आणा, समदे फेल.”

हे महाराज म्हणजे यवतला मोबाइल दुरुस्त करणारा पृथ्वीराज. महिन्यापूर्वीपर्यंत लोकांचे फुटलेले स्क्रीन बदलत होता. तुळजाबाईंनी माळ्यावरचं अडगळीतलं यंत्र त्याला दाखवलं, आतून मेलेल्या मुलाचा आवाज आला आणि या गड्याने स्क्रू ड्रायव्हर ठेवून कमंडलू घेतला.

मी दबोरा साळवे. शिरूरला मी वीस वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. संपत माझा विद्यार्थी. दहा वर्षांपूर्वी कुरकुंभच्या एका कारखान्यात शिफ्टवर असताना तो गेला. त्याची बायको सविता आदल्या दिवशी दोन बस बदलून माझ्याकडे आली होती.

“बाई, मोनालीला आठ दिवसांत चार फिटी आल्या,” ती म्हणाली. मोनाली तिची मुलगी, अकरावीला. “डॉक्टरांची गोळी सकाळी आठला आन् रात्री आठला. पण महाराज म्हणत्यात, संपतनं आठ म्हणल्याबिगर द्यायची न्हाई. सासूबाई तेच धरून बसल्यात. गोळ्यांची डबीबी त्या चौरंगावरच हाय.”

“मग तो आठ कधी म्हणतो?”

“काल रातचे आठ वाजले पहाटं सव्वातीनला. समदी झोपलेली. गोळी राहिली. आन् फिट आली की महाराज म्हणत्यात, बाप लेकीच्या अंगात येतोय.”

मला राग आला तो आधी माझाच. कारण तो आवाज माझ्याच क्लासात भरला होता. चौऱ्याण्णव साली मी मुलांना सांगितलं, काहीतरी उपयोगाचं बनवा. संपत म्हणाला, आमच्या आयेला घड्याळ वाचता येत न्हाई, तिला टाइम सांगणारा प्रोग्राम करतो. मी पुण्याहून एका दिवसासाठी आवाज भरायचं कार्ड आणलं आणि त्याने “आये”पासून सगळे आकडे बोलून ठेवले. एका मुलाने आईसाठी केलेली ती वस्तू होती. तिचं हे असं मखर झालं.

मी चौरंगापाशी गेले. महाराजांनी मला ओळखलं.

“बाई, लांबनंच दर्शन घ्या. घटाचा दिवा कुणी इझवतं का? अठ्ठावीस दिस झाले, अखंड चालू हाय. बंद पडलं की संपतराव दुसऱ्यांदा जातील.”

हीच खरी मेख होती. घटापुढचा दिवा विझू द्यायचा नाही हे इथे लहान मुलालाही कळतं. म्हणून लोकांनी त्या बटणाची दिव्यासारखी राखण केली होती. जे केल्याने सारा बनाव मिनिटात उघडा पडला असता, नेमकं तेच पाप ठरवून ठेवलं होतं.

“तुम्ही ख्रिस्ती,” मारुतराव मागून म्हणाले. गावचे माजी सरपंच ते. “तुमाला आमचं काय कळायचं?”

“आबा, देवाचं नाही बोलत मी. मशिनचं बोलतेय.” मी तुळजाबाईंकडे वळले. “आई, मला हे बंद करू द्या.”

“संपत तुमाला गुरू मानायचा,” त्या म्हणाल्या. “करा.”

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं. तीच लुकलुकती रेघ आली. माझ्या घड्याळात पावणेसहा वाजले, सहा वाजले. यंत्र गप्प.

मग मी कापडाखालचा कीबोर्ड ओढून ए, वाय, ई ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. संपतने प्रोग्रामला तेच नाव दिलं होतं: आये. यंत्र लगेच बोललं. मी आतलं घड्याळ बदललं, यंत्र म्हणालं, “आये, पहाटेचे तीन वाजले.” पुन्हा बदललं, दुपारचे बारा वाजले. मागे कुणीतरी हसलं.

“हा प्रोग्राम एकदा नाव टाइप केलं की मशिनच्या मेमरीत जाऊन बसतो,” मी सांगितलं. “पडदा मोकळा करून देतो, म्हणून दिसत नाही. दर पाव तासाला उठतो, बोलतो, परत बसतो. मशिन बंद केलं की मेमरी पुसली जाते, तो जातो. अठ्ठावीस दिवसांपूर्वी महाराजांनी मशिनमधल्या यादीत हे नाव बघितलं आणि कापडाखाली हात घालून ही तीन अक्षरं दाबली. दुसरं काही केलं नाही.”

“आन् टाइम चुकतो त्यो?” मारुतरावांनी विचारलं.

“पायलीने ज्वारी मोजताना माणूस मध्येच बोलला की आकडा चुकतो ना? तसंच. बोलताना हे मशिन वेळ मोजायचं सोडतं. दर बोलण्याला दहाएक सेकंद, दिवसाला सोळा मिनिटं. अठ्ठावीस दिवसांत साडेसात तास. संपतला ही चूक माहीत होती, तो रोज सकाळी रेडिओवरून वेळ लावून घ्यायचा. परलोक वगैरे काही नाही, घड्याळ मागे पडलंय. आणि त्याच्या मागे एका पोरीची गोळी.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, जिंकलं. किती मूर्ख होते मी.

पडवीच्या खांबाला टेकून बसलेली मोनाली आडवी झाली. दात आवळले, हातपाय झटके द्यायला लागले. सविता धावली, तिला कुशीवर वळवायला लागली. महाराज ताडकन उठले.

“यंत्र बंद केलं म्हणून संपतराव पोरीत आले. हात जोडा.”

आणि माझं सगळं ऐकून, पाहून, त्या दोनशे माणसांनी हात जोडले. कुणी मोनालीच्या कपाळावर कुंकू चोपडलं, कुणी पायांवर डोकं ठेवलं. जो हसला होता त्यानेही हात जोडले.

मी आणि सविताने मोनालीला उचललं, पण वाट मिळेना. शेवटी तुळजाबाई उठल्या. त्यांनी चौरंगावरची गोळ्यांची डबी घेतली आणि साध्याच आवाजात म्हणाल्या, “वाट सोडा. माझा संपत गेला. ही आजारी हाय.”

दौंडच्या दवाखान्यात फिट थांबली. पोरगी वाचली. पण आता शब्द अडखळत येतात, उजव्या हातात पेन धरवत नाही. अकरावीचं वर्ष गेलं. पृथ्वीराजने गाव बदललं, धंदा नाही. त्या दिवशी कुंकू लावणाऱ्या दोघी दवाखान्यात भेटायला आल्या, तर पिशवीत अंगारा होता.

तेव्हा सरळच सांगते. यंत्र बोललं तर आधी बटण बंद करून बघा. बंद करू देत नसतील तर त्यातच सगळं उत्तर आलं. आणि फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, अंगारा नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. आम्हाला त्या अंगणातून गाडीपर्यंत जायला वीस मिनिटं लागली, कारण वाटेत माणसं हात जोडून उभी होती.