सूज

नखाच्या कडेला चिकटलेलं मुगाचं हिरवं साल निघता निघेना. कुंताबाईने ते दातांनी ओढलं, थुंकून टाकलं आणि पुन्हा घमेल्यात हात घातला. सहा पाण्यांनी धुतली तरी डाळीत एखादं साल राहतंच. आज राहून चालणार नव्हतं, कारण आजच्या मुंगवड्या घरच्या नव्हत्या, लग्नाच्या होत्या, समीक्षाच्या, एकुलत्या एका लेकीच्या. डाळ तिनेच निवडली, भिजवली, वाटणारही तीच. फक्त पहिल्या पाच वड्या पाच सवाष्णींनी टाकायच्या, त्या वड्यांना हळदकुंकू वाहायचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. बाकीच्यांत ती. खुशालरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

आंजी गावात कुणी तिला ‘तू लावू नको हात’ असं म्हटलेलं नव्हतं. म्हणायची वेळच तिने येऊ दिली नाही, आपणहून सांगून मोकळी झाली. आणि सांगितल्यापासून जीव नुसता तडफडत होता, की पहिली वडी आपल्याच हातची पडावी. आता काय करावं या जिवाला!

समीक्षा शेजारी बसून वहीत काहीतरी लिहीत होती. बोरगाव मेघेच्या शाळेत ती विज्ञान शिकवते. उद्याचा धडा सूर्याचा.

“ऊन बरं हाय, दोन दिवसांत वाळतीन,” कुंताबाई म्हणाली, तशी पोरगी हसली.

“हे ऊन वाढूनच राह्यलं आई, हळूहळू. शंभर कोटी वर्षांनी समुद्र आटतीन. आनी पाचशे कोटींनी सूर्यच मरते.”

“मरते? सूर्य?”

“हो. मराच्या आधी फुगते. लाल, मोठ्ठा. बुध-शुक्राले गिळून टाकते.”

एवढं बोलून ती आंघोळीला निघूनही गेली, पाचशे कोटी वर्षं म्हणजे जणू परवाचा सोमवार. कुंताबाईला त्या कोटींचं काही नव्हतं. तेव्हा ना आंजी असणार, ना बाजारात विकायची वांगी-टमाटे, आपल्याला काय त्याचं... पण मराच्या आधी फुगते...

खुशालरावांचा चेहरा तसाच भरला होता. जन्मभर काडी माणूस, आणि त्या उन्हाळ्यात गाल वर आले, हात गुबगुबीत झाले. भाजीबाजारात लोक म्हणायला लागले, खुशालभाऊ, तब्येत बनली गड्या! आणि ही बावळट खूश! रोज सांजेला मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून त्यांची नजर काढत होती, लोकांच्या डोळ्यांत माणूस येऊ नये म्हणून. वर ताटात लोणच्याची एक फोड जास्त. मूत्रपिंडं गेलीत, ही सूज आहे, असं सांगून डॉक्टरने विचारलं होतं, “बाई, तुम्हाला दिसलं नाही?” दिसलं होतं की. डोळे भरून पाहिलं होतं तिने. तेच हात आता पोरीच्या वड्यांना लावायचे?... नको. उद्या जावयाला काही झालं तर? लोकांचं सोडा, तिला स्वतःलाच आपल्या हाताचं भय वाटत होतं.

डाळ वाटून, फेटून झाली. गच्चीवर धुतलेलं लुगडं अंथरलं. पाच जणी आल्या, न्हाऊन समीक्षाही वर आली. त्यांच्यातली थोरली शेजारची आनंदाबाई, तोंडाची फटकळ. तिने घमेल्याकडे पाहिलं, कुंताबाईकडे पाहिलं.

“कुंता, तूच टाक पह्यली. मायच्या हातचं काऊन नाई चालत? कोन काय म्हनते थे मी पाह्यतो.”

झालं! आजवर कुणी अडवलं नव्हतं, आज तर कुणी हाताला धरून पुढे करत होतं, आणि हातच घमेल्यातून वर निघेना. बोटं डाळीत बुडलेली, ऊन टाळूवर, पाच जणी बघताहेत... आणि तिने भलतंच विचारलं.

“समीक्षा, मंग पृथ्वीचं काय होते?”

“आता हे काय मधातच!” आनंदाबाई म्हणाली.

“नक्की नाई सांगता येत आई. कोनी म्हनते गिळली जाईन, कोनी म्हनते राहीन. जळून कोळसा, पन राहीन.”

“शिकेल लोकाइले बी मालूम नाई?”

“सूर्य कुठी सांगते!”

सांगत नाही... खुशालरावांनी तरी कुठे सांगितलं? पाय चपलेत जाईना, तेव्हा वर्ध्याला जाऊन गपचूप एक नंबर मोठी चप्पल घेऊन आले. “जुनी झिजली,” म्हणाले. झिजली! नवीकोरी होती ती, गुढीपाडव्याला घेतलेली. लघवी होत नव्हती, धाप लागत होती, हे डॉक्टरला सांगितलं, तिला नाही. म्हणजे माहीत होतं या माणसाला. माहीत असून रोज सांजेला पाटावर बसत होता, डोळे मिटून, आणि तिला मीठ-मोहरी ओवाळू देत होता. अहो, एक शब्द! एक शब्द बोलला असता तर काय जात होतं तुमचं?

“कुंता, डाळ सुकून राह्यली,” आनंदाबाई म्हणाली. कुंताबाईला खुशालरावांचा राग आला होता, तीन वर्षांत पहिल्यांदा, चांगला सणसणीत राग. डाळीतला हात तिने वर काढला आणि पहिली वडी लुगड्यावर टाकली.